एक तास तरी?

८ जानेवारी

वही सुरू करते आहे. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, दारोदार फिरणाऱ्यांनी रोज चार ओळी लिहाव्यात, डोकं हलकं राहतं. माझं डोकं काही चार ओळींनी हलकं होणाऱ्यातलं नाही. पण घरात कुणाशी धड बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून लिहिते.

काम असं आहे. यादीत आलेल्या घरी जायचं, टॅब उघडायचा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाबद्दल विचारायचं. गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलं का? केलं असेल तर तो कामावर. नसेल केलं, तर पुढचा प्रश्न: गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं का? शोधलं असेल तर तो बेकार. शोधलंही नसेल तर तो कशातच नाही. ह्यातून दर तिमाहीला तो बेकारीचा टक्का निघतो, बातम्यांत सांगतात तो.

मी हात वर करून विचारलं, "साहेब, कशातच नाही म्हणजे माणूस गेला कुठे?" साहेब म्हणाले, "श्रमबळाबाहेर." जसं काही तिथे बसायला बाकडं ठेवलंय. ह्या साहेबांना सगळे दशांश म्हणतात, कारण चहात साखर किती हेसुद्धा ते शून्य पूर्णांकाने सांगतात.

तीन महिन्यांचं कंत्राट आहे, काम आवडलं तर पुढे वाढवतील. वाढवायलाच हवं. घरात सध्या पगार फक्त माझा. हे लग्नाआधीपासून रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचे. गिऱ्हाइकाने कापडाची चिंधी आणून दिली, तरी नुसत्या नजरेने तोच रंग डब्यात उतरवायचे. गेल्या उन्हाळ्यात कारखान्यात यंत्र आलं आणि नजर घरी बसली. बसली म्हणजे, रोज सकाळी फाइल काखेत मारून हे काम शोधायला जातात, संध्याकाळी परत येतात. मी काही विचारत नाही. विचारलं की जेवणाचा विचका होतो.

१७ जानेवारी

पाय सुजलेत, पण मजा येते आहे. लोक पहिल्यांदा म्हणतात, काही काम नाही हो, बसून आहे. असं ऐकून पुढे जाणारी मी नव्हे. "एक तास तरी? आठवा बरं. शेजारणीचा ब्लाउज शिवला? मेव्हण्याच्या दुकानात उभे राहिलात? कुणाचं सामान पोचवलंत?" मग सापडतो एक तास. गाडीवरची नोकरी गेलेला एक ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला होता. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, शनिवारी एका म्हाताऱ्यांना त्यांच्याच गाडीतून दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि त्यांनी हातावर काहीतरी ठेवलं. झालं की काम! मी टॅबवर "कामावर" असं टिपलं. तो म्हणाला, "मी कामावर आहे?" मी म्हटलं, "नियमाने." तो हसला. हसण्यासारखं होतंच.

दशांश खूश आहेत. म्हणाले, "तुम्ही माणसाला बोलतं करता." शेजारच्या भागात मऊताई आहे. आवाज इतका मऊ की समोरच्याला वाकून ऐकावं लागतं, म्हणून मऊताई. तिच्याकडे बेकार जास्त निघाले म्हणून दशांशांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्याच भागात एवढे कसे?" बिचारी म्हणाली, "मी विचारते आणि गप्प बसते, साहेब." गप्प बसून कुठे कामं होतात! मी तिला डब्याच्या वेळी दोन युक्त्या सांगितल्या. तिने मान हलवली, पण ऐकल्यासारखं वाटलं नाही.

२७ जानेवारी

आज एका घरी बाईने दार उघडलं. नियम असा की दार उघडेल त्याने सगळ्या घराचं सांगितलं तरी चालतं, एकेकाला कुठे गाठत बसणार. बाई म्हणाली, "हे शोधताहेत ना काम, रोज जातात." मागे खोलीत तिचा नवरा बनियनवर पाठमोरा बसून रेडिओचा कान पिळत होता. स्टेशन लागत नव्हतं, नुसती खरखर. मी "शोधतो" असं टिपलं आणि निघाले. जिना उतरेपर्यंत खरखर ऐकू येत होती. एवढा वेळ कुणी स्टेशन शोधतं का, असं वाटून गेलं.

४ फेब्रुवारी

ह्यांची चिडचिड कमी झाली आहे. आधी नकार आला की ताट सारायचे, आता शांतपणे जेवतात. अर्जांच्या झेरॉक्सना पैसेसुद्धा मागत नाहीत. ओळखीने काम चाललं असेल, बरंच झालं. आज जेवताना आपणहून बोलले, तेही काय, तर मोठ्या हॉस्पिटलच्या चार मजल्यांच्या भिंती चार वेगळ्या हिरव्या आहेत. "लोकांना एकच वाटतो. तिसऱ्या मजल्यावरच्यात पिवळा जास्त पडलाय." मी म्हटलं, "तुम्ही चारही मजले फिरलात?" म्हणाले, "हो, वेळ होता." तिथे एखादी जागा निघाली असेल. सांगतील सांगायचं तेव्हा. सासूबाई म्हणाल्या, "बघ, माझ्या मुलाची नजर अजून तशीच आहे." त्यावर हे हसले नाहीत.

२० फेब्रुवारी

कमाल झाली! आमचंच घर यादीत आलं. यंत्र चिठ्ठ्या टाकतं म्हणे, त्याला काय माहीत कुणाचं घर ते. मी दशांशांना सांगितलं, मग माझ्याऐवजी मऊताईला पाठवलं. आता वर्षभर दर तीन महिन्यांनी ती येणार.

आज ती आली तेव्हा मी कामावर, हे बाहेर. दार सासूबाईंनी उघडलं. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने मला म्हणाल्या, "सगळं नीट सांगितलं हो. तू कामाला जातेस, तो कामाला जातो, मी देवाचं नाव घेते."

"आई! ते कुठे कामाला जातात?"

"मग रोज सकाळी दाढी करून जातो कुठे? काम नसतं तर गेला असता का?"

"शोधायला जातात ते!"

"शोधणं काय काम नाही? जमतं का तुला?" आणि वर मलाच, "परक्या बाईला काय सांगू, माझा मुलगा बेकार आहे म्हणून?"

मी कपाळ बडवून घेतलं.

२२ फेब्रुवारी

दशांशांना सांगितलं, आमच्या घरची नोंद चुकली आहे. दुरुस्त करता येणार नाही म्हणाले, घरच्या माणसाच्या सांगण्यावरून तर नाहीच. मग समजावू लागले, "अहो बाई, चुका दोन्ही बाजूंना होतात. कुणी जास्त सांगतो, कुणी कमी. लाखो घरांत त्या एकमेकींना खाऊन टाकतात."

तेव्हा पटलं. बसमध्ये बसल्यावर पटेना. मी एवढी दारं वाजवली, हाताशी काम असताना "मी बेकार आहे" असं सांगणारा मला एकही भेटलेला नाही. उलटं सांगणारे मात्र ढिगाने. लाज काय दोन्ही बाजूंना सारखी असते? ती एकीकडेच कलते. मग खाणार कोण कुणाला? दशांशांना विचारायला हवं होतं. पण कंत्राट वाढवण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे, म्हणून तोंड आवरलं.

१५ एप्रिल

टक्का खाली आला. ऑफिसात केक. दशांशांनी सुरीने मोजून सारखे तुकडे केले आणि म्हणाले, "हे तुमच्या मेहनतीचं फळ." मेहनत आमची आणि बेकारी कमी झाली, हे कसं काय, असं मऊताई माझ्या कानात पुटपुटली. मी दोन तुकडे खाल्ले. दुसरा खाताना मनात आलं की ह्या घसरणीत आमचे हे पण आहेत, सासूबाईंच्या कृपेने. तरी संपवला. कंत्राट वाढलं आहे.

१९ मे

आज सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

मऊताईची दुसरी फेरी. मला सुटी होती, हेही का कोण जाणे घरीच थांबले होते. मी सासूबाईंना दटावून ठेवलं होतं की आज तुम्ही बोलायचं नाही. पाहणी करणारीने स्वतःच्या घरच्या मुलाखतीला समोर बसू नये, म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी पुसत उभी. माझेच प्रश्न, मला तोंडपाठ. फक्त दुसऱ्या आवाजात.

"गेल्या सात दिवसांत एक तास तरी काही काम केलंत?"

"नाही."

"कुणाला मदत, काही दुरुस्ती?"

"नाही."

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?"

मी आतल्या आत "हो" म्हणून मोकळी झाले होते, ताटलीसुद्धा फडताळात ठेवली होती.

"नाही," हे म्हणाले.

मी असते तर लगेच म्हटलं असतं, अहो असं कसं, आठवा बरं, एखादा अर्ज, एखादा ओळखीचा? आणि हो काढून घेतलं असतं. मऊताई गप्प बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "का नाही शोधलंत, त्यालाही पर्याय आहेत. वाचू?"

"वाचा."

ती वाचत गेली. आजारपण. शिक्षण. घरची जबाबदारी. मिळणार नाही असं वाटतं म्हणून.

"हे," ते म्हणाले, "हे शेवटचं."

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"अरे, रोज जातोस ना रे!" सासूबाईंना राहवलं नाही.

"जातो, आई."

म्हणजे मी ही वही सुरू केली त्याच्याही आधीपासून. माझ्या हातात पातेलं होतं, ते मी पुसतच राहिले. मऊताई जाताना स्वयंपाकघराशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. तिच्या टॅबवर हे आता बेकारही नाहीत. मला इतका संताप आला! वाटलं, बाहेर जाऊन ओरडावं, निदान बेकार तरी म्हणवून घ्या हो!

ओरडले नाही. हे चपला घालून बाहेर गेले, फाइल घेऊन.

२३ मे

चार दिवस घरात भांड्याला भांडं लागलेलं नाही, इतकी शांतता. मी चिडले की बोलते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सासूबाई घाबरून आहेत.

आज दोन घरांच्या मधे वेळ होता, तर पाय आपोआप मोठ्या हॉस्पिटलकडे वळले. चार मजल्यांचे चार हिरवे. माझ्या डोक्यात तेव्हा का नाही आलं? पहिल्या मजल्यावर नाहीत, दुसऱ्यावर नाहीत. तिसऱ्या मजल्यावर, पिवळा जास्त पडलेल्या भिंतीशी, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. मांडीवर फाइल. समोर पाटीवर लाल आकडे बदलत होते आणि प्रत्येक आकड्याला हे मान वर करून बघत होते.

मी शेजारी जाऊन बसले. दचकले. "तू इथे?"

"तुम्ही इथे?"

पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, "आकडा चुकला वाटतं तुमचा, केव्हाचे बसलाय." हे म्हणाले, "नाही, येईल." ती पुन्हा पुढे वळली.

मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "इथे कुणी काही विचारत नाही. बसलेला माणूस म्हणजे आतल्या कुणाचा तरी नातेवाईक. उठा म्हणत नाहीत. बागेत दुपारी ऊन लागतं, वाचनालयात ओळखीचे भेटतात."

मला रडू फुटलं, तिथेच. हॉस्पिटलात रडणाऱ्या बाईकडेही कुणी बघत नाही, तेवढं बरं. मी म्हटलं, "सगळ्या गावाला विचारत फिरते, तुम्हाला एकदा विचारलं नाही."

"तू विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो," हे म्हणाले.

खरंच म्हणाले असते. आणि मी खूश होऊन पोळी वाढली असती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी भिंतीकडे बोट दाखवलं. "हे असं वेगवेगळं कुणी रंगवलं?"

"कंत्राटदाराने. मजल्यागणिक नवा डबा फोडला, आधीच्याशी ताडून बघितलंच नाही."

"मग सांगा ना त्यांना."

"कुणाला सांगू?"

"मला काय विचारता? मी फक्त मोजते."

हसू आलं त्यांना. किती दिवसांनी, ते मोजलेलं नाही. मला पुढच्या घरी उशीर झाला.

३० जुलै

रेडिओवाल्या घरी तिसरी फेरी. बाई सांगायला लागली, "शोधताहेत हो अजून." मी म्हटलं, "त्यांनाच बोलवा, मी थांबते." आतून आवाज आला, "माझ्याबद्दल मला विचारायचंय?" आणि गृहस्थ आधी शर्ट घालून, केसांवर पाणी फिरवून मग बाहेर आले. मी विचारलं आणि तोंड मिटून बसले. माझ्यासारखीला किती जड जातं, ते मला माहीत. शेवटी म्हणाले, "खरं सांगू? कंटाळलो शोधून." बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, उठून तिचा हात धरावा. पण टॅब मांडीवर होता.

सध्या सगळीकडे हेच करते. जो आहे त्यालाच विचारते आणि गप्प राहते. तास खोदून काढणं सोडलं. विचारते, पण कोपऱ्यात गाठत नाही. माझे "कामावर" कमी झाले, "शोधतो" पण कमी झाले, आणि तिसरा रकाना टम्म फुगला. आज दशांशांनी बोलावलं. "बाई, तुमच्या भागातली माणसं एकदम गेली कुठे?"

"कुठे गेली नाहीत साहेब, घरीच आहेत."

"आकडा विचित्र दिसतो. फेरतपासणी लागेल. कंत्राटाचंही मग..."

"लावा," मी म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात थांबले. नोकरी गेली तर एका घरात दोघं. पहिल्या दिवशी मला शोधायला जमेल, चौथ्या महिन्यात जमेल का, कुणास ठाऊक. ह्यांना तेव्हा काय वाटलं असेल, ते आज जिन्यात उभं राहून जरासं कळलं.

२० ऑगस्ट

मऊताईची तिसरी फेरी. मी रजा टाकली. सासूबाई दार अडवून उभ्या. "मी सांगते सगळं," म्हणाल्या. हे मागून आले. "आई, बस तू. माझं मी सांगतो."

मी पुन्हा स्वयंपाकघरात. ह्या वेळी हातात काही घेतलं नाही.

"एक तास तरी काम?"

"नाही."

"चार आठवड्यांत शोधलंत?"

नळ टपटपत होता, तो मी घट्ट केला.

"शोधलं," हे म्हणाले.

"कुठे, सांगाल?"

"मोठ्या हॉस्पिटलच्या देखभाल खात्यात गेलो. म्हटलं, तुमचे चार मजले चार रंगांचे आहेत, पुढच्या वेळी मी जुळवून देतो."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, आम्हाला सगळे एकच दिसतात." जरा थांबून, "मग रंगाच्या दोन दुकानांत विचारलं. एकाने हाकललं. दुसरा म्हणाला, कळवतो."

मऊताईने टॅबवर टकटक केलं. "झालं."

"काय झालं? काय लिहिलंस?" सासूबाई.

"बेकार लिहिलं, आजी."

"अगं बाई! पुसून टाक आधी! माझ्या मुलाला बेकार?"

मी स्वयंपाकघरातून धावतच आले आणि सासूबाईंना मिठी मारली. त्या इतक्या गांगरल्या की गप्पच झाल्या. मऊताई निघाली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण तिने नियमाप्रमाणे "सहकार्याबद्दल आभार" म्हटलंच.

१६ ऑक्टोबर

फेरतपासणी झाली, माझ्या नोंदी बरोबर निघाल्या. दशांश त्याबद्दल काही बोलले नाहीत, कंत्राटाबद्दलही नाहीत. आज तिमाहीचा टक्का आला. किंचित वर गेला आहे. ऑफिसात सुतकी चेहरे. दशांश म्हणाले, "वाईट बातमी आहे, पण खचून जायचं नाही." केक नव्हता.

मी येताना आणला. सासूबाईंनी विचारलं, "हा कशाचा?" मी म्हटलं, "तुमच्या मुलाचा. वाढलेल्या टक्क्यात ते आहेत." त्यांना काही कळलं नाही, तरी एक तुकडा खाल्ला आणि दुसरा मागितला.

त्या दुसऱ्या दुकानदाराने उद्या सकाळी बोलावलं आहे. नुसतं बघायला बोलावलंय म्हणे. मिळेल असं मला वाटत नाही, तिथेही यंत्र आहेच. मी निळा शर्ट काढून ठेवला. हे उजेडात धरून म्हणाले, "बाह्यांशी उतरलाय ह्याचा रंग." मी कितीही बघितलं तरी मला एकच निळा दिसला. विचारलं, दुसरा काढू का? म्हणाले, "नको, हाच. त्या दुकानदाराला दिसतो का, ते बघू."